जोडणे सोपे, सोडवणे अवघड : दूरच्या साठवणीचा अर्धशतकी इतिहास

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये सिद्ध केली. तिच्यात 'माउंट' आणि 'यूमाउंट' अशी आज्ञांची एक जोडी होती. पहिल्या आज्ञेने डिस्क संगणकाच्या फाइलव्यवस्थेला जोडायची, दुसरीने ती सोडवायची. 'अनमाउंट' या शब्दातला 'न' त्या दुसऱ्या आज्ञेत मुळापासूनच नाही, आणि पन्नासहून अधिक वर्षांनंतरही तो कोणी परत बसवलेला नाही. आज आपल्या देशातील विद्यापीठांची संगणक केंद्रे, सरकारी कार्यालये आणि रुग्णालये यांमध्ये लिनक्सवर चालणारा जो जो सर्व्हर आहे, त्याच्यावर साठवण जोडण्या-सोडवण्यासाठी हीच जोडी वापरली जाते.

या अर्धशतकात जोडण्याची क्रिया उत्तरोत्तर सोपी होत गेली, सोडवण्याची मात्र अवघड. त्याचे कारण एका साध्या प्रश्नात दडलेले आहे : ही साठवण या क्षणी कोण वापरत आहे, हे नेमके कोणाला ठाऊक असते? या प्रश्नाचे उत्तर काळाच्या ओघात कसे बदलत गेले, हाच या विषयाचा इतिहास होय.

सत्तरच्या दशकात उत्तर सरळ होते. पीडीपी-११ या संगणकाला आरके०५ नावाची डिस्क लावीत. परातीएवढ्या चपट्या डब्यात बंद केलेली ती एक चकती असे आणि तिच्यात सुमारे २.५ मेगाबाइट माहिती मावे. चकती हाताने खोबणीत सरकवायची, मग 'माउंट'ची आज्ञा द्यायची. काम संपले की उलट क्रम. परंतु चकती थेट उपसून काढणे धोक्याचे होते. युनिक्स प्रत्येक लिखाण तत्काळ डिस्कवर उतरवीत नसे. वेग साधावा म्हणून ते आधी स्मृतीत राखून ठेवी आणि साधारण दर ३० सेकंदांनी डिस्ककडे रवाना करी. त्या मधल्या काळात चकती निघाली, तर तिच्यावरची नोंद अर्धवट राहणार. म्हणून सोडवण्याच्या आज्ञेकडे दोन कामे होती : हातचे सर्व लिखाण उतरवणे आणि मगच डिस्क मोकळी करणे.

तिच्याकडे तिसराही एक अधिकार होता, तो म्हणजे नकाराचा. त्या डिस्कवरील एखादी फाइल कोणी उघडून बसला असेल, किंवा कोणाचे काम तिच्यावरील एखाद्या फोल्डरमध्ये चालू असेल, तर युनिक्स डिस्क सोडवण्यास नकार देई. या नकाराला १६ हा त्रुटिक्रमांक होता आणि त्याचा अर्थ 'डिस्क व्यस्त आहे' असा होता. आजच्या लिनक्समध्येही तो क्रमांक १६ हाच आहे. हा नकार देता येत होता, कारण सगळे वापरकर्ते, सगळ्या उघड्या फाइली आणि सगळ्या डिस्का एकाच यंत्रात होत्या. एकाच कारभाऱ्याच्या एकाच वहीत सर्व नोंदी होत्या.

१९८० च्या दशकात ही वही फाटली. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टीम्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला हे पुण्यात जन्मलेले आणि दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले अभियंते. सनचा व्यवसाय संगणकांच्या जाळ्यावर उभा होता, आणि जाळ्यातील एका यंत्राची डिस्क दुसऱ्या यंत्राला आपलीच वाटावी, अशी सोय तिला हवी होती. तिच्या अभियंत्यांनी ती 'नेटवर्क फाइल सिस्टीम', म्हणजेच एनएफएस, या रूपाने घडवली आणि १९८५ मध्ये उन्हाळी यूसेनिक्स परिषदेत तिची रचना मांडली. रसेल सँडबर्ग आणि त्यांचे चार सहकारी त्या निबंधाचे लेखक होते.

त्या रचनेचा गाभा एका धाडसी निर्णयात होता. सर्व्हरने आपल्या ग्राहकांविषयी काहीही लक्षात ठेवायचे नाही, असे ठरले. कोणी फाइल उघडली, कोणी मिटली, कोण मधेच निघून गेले, यांची कसलीही नोंद त्याने ठेवायची नाही. ग्राहक संगणकाने प्रत्येक विनंतीबरोबर फाइलची ओळखखूण आणि हवी ती जागा सांगायची, सर्व्हरने तेवढे काम करायचे आणि विसरून जायचे.

हा विसराळूपणा हेतुपुरस्सर होता. सर्व्हर बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला, तर त्याला जुन्या नोंदी जुळवत बसावे लागत नाही. ग्राहक उत्तर मिळेपर्यंत तीच विनंती पुनःपुन्हा पाठवत राहतो आणि सर्व्हर जागा होताच काम पुढे सरकते. त्या काळातील यंत्रे वरचेवर बंद पडत असताना हा गुण लाखमोलाचा होता. एनएफएसचा प्रसार झपाट्याने झाला तो बव्हंशी याच साधेपणामुळे. १९८९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आणि १९९५ मध्ये तिसरी आवृत्ती इंटरनेटच्या दस्तऐवजांत प्रसिद्ध झाली.

पण विसराळू सर्व्हरची किंमत सोडवण्याच्या वेळी चुकवावी लागते. साठवण कोण वापरत आहे हे सर्व्हरला ठाऊक नाही, म्हणून तो कोणालाही नकार न देता बंद होऊ शकतो. इकडे ग्राहक यंत्रावरील प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत राहतो. एनएफएस जोडण्याचे दोन प्रकार येथे महत्त्वाचे ठरतात. 'सॉफ्ट' प्रकारात काही प्रयत्नांनंतर ग्राहक हार मानतो आणि प्रोग्रॅमला त्रुटी कळवतो, पण त्यात लिहायची राहिलेली माहिती हरवण्याचा धोका असतो. 'हार्ड' प्रकारात ग्राहक कधीच हार मानत नाही. माहिती सुरक्षित राहते, परंतु सर्व्हर परतलाच नाही तर प्रोग्रॅम अनंतकाळ गोठतो. लिनक्सच्या प्रक्रियांच्या यादीत अशा प्रोग्रॅमपुढे 'डी' हे अक्षर दिसते. तेथे तो सामान्य संकेत ऐकत नाही. २००८ पूर्वी सक्तीने थांबवण्याची आज्ञाही त्याच्यापर्यंत पोहोचत नसे.

अशा वेळी साठवण सोडवायला गेलेली आज्ञाही अनेकदा त्याच दाराशी अडकते, कारण तिलाही मेलेल्या सर्व्हरकडेच काही विचारायचे असते. लिनक्सच्या रचनाकारांनी यावर टप्प्याटप्प्याने उपाय काढले. २.१.११६ या आवृत्तीत जबरदस्तीने सोडवण्याची सोय आली. २००१ मध्ये २.४.११ या आवृत्तीत 'लेझी', म्हणजे सवडीने सोडवण्याची सोय आली. २००८ मध्ये २.६.२५ या आवृत्तीपासून एनएफएसच्या प्रतीक्षेत गोठलेल्या प्रोग्रॅमला निदान ठार करता येऊ लागले.

यांतील सवडीचा उपाय फार लोकप्रिय झाला आणि फार गैरसमजांना कारणही झाला. त्याने साठवण फाइलव्यवस्थेच्या झाडावरून ताबडतोब दिसेनाशी होते, पण जो प्रोग्रॅम तिच्यातील फाइल धरून बसला आहे, त्याची पकड तशीच राहते. शेवटची पकड सुटेल तेव्हाच खरी सुटका होते. दारावरची पाटी काढली म्हणून घरातला भाडेकरू निघून जात नाही, तसा हा प्रकार. पाटी नाही हे पाहून व्यवस्थापक निर्धास्त होतो आणि सर्व्हर बंद करतो, तेव्हा आत राहिलेल्याचे हाल सुरू होतात.

दरम्यान दुसरा एक प्रवाह या इतिहासाला येऊन मिळत होता. एका यंत्रात अनेक संगणक भासवण्याची कल्पना जुनी होती. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये प्रत्यक्ष वापरात आली आणि १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर केली. एका मोठ्या डिस्कचे तुकडे करून प्रत्येक आभासी संगणकाला त्याची छोटी डिस्क देण्याची रीतही तेव्हापासूनची. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ही कल्पना सर्वसामान्य सर्व्हरांवर आणली. तिचे ईएसएक्स हे उत्पादन २००१ मध्ये आले. ज्या प्रत्यक्ष यंत्रावर असे अनेक आभासी संगणक नांदतात, त्याला यजमान संगणक किंवा होस्ट म्हणतात.

२००३ मध्ये व्हीएमवेअरने व्हीमोशन ही सोय दिली. चालू असलेला आभासी संगणक बंद न करता एका यजमानावरून दुसऱ्यावर नेता येऊ लागला. पण या स्थलांतरात हलते ती मुख्यतः स्मृतीतील माहिती. आभासी संगणकाची डिस्क, जी प्रत्यक्षात एक भलीमोठी फाइल असते, ती जागची हलत नाही. म्हणून ती फाइल दोन्ही यजमानांना एकाच वेळी दिसेल अशा सामाईक साठवणीवर असणे आवश्यक झाले. २००६ मध्ये ईएसएक्सच्या तिसऱ्या आवृत्तीने यासाठी एनएफएसचेही दार उघडले. लिनक्सच्या गाभ्यात २००७ मध्ये २.६.२० या आवृत्तीबरोबर केव्हीएम आले आणि २००८ मध्ये त्यावर आधारलेले प्रॉक्समॉक्स व्हीई प्रसिद्ध झाले. छोट्या संस्थांनाही सामाईक साठवण आता काही मिनिटांत जोडता येऊ लागली.

येथे १९८५ चा निर्णय आणि २००६ ची गरज समोरासमोर आली. एनएफएसच्या रचनेत फाइल म्हणजे कोणाचे पत्र, कोणाचा प्रोग्रॅम. आता तीच फाइल म्हणजे एक अख्खा संगणक झाली होती. ती दोन यजमानांनी एकाच वेळी लिहायला घेतली, तर त्या संगणकाची डिस्क उद्ध्वस्त होणार. आणि सर्व्हर तर विसराळू. म्हणून व्हीएमवेअरने एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी स्वतःचीच कुलपे तयार केली. आभासी डिस्कच्या शेजारी ठिपक्याने सुरू होणाऱ्या नावाची एक छोटी फाइल ठेवायची, यजमानाने ती वेळोवेळी ताजी करायची आणि इतरांनी ती पाहून दूर राहायचे. सर्व्हरने जे लक्षात ठेवायचे नाकारले, ते यजमानांनी सर्व्हरच्याच अंगणात लिहून ठेवले.

पुढे एनएफएसनेही आपले जुने व्रत सोडले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीच्या आराखड्यात सर्व्हर ग्राहकांची नोंद ठेवू लागला आणि प्रत्येकाला ठरावीक मुदतीचा पट्टा देऊ लागला. मुदतीत पट्ट्याचे नूतनीकरण झाले नाही, तर ग्राहक गेला असे समजायचे. व्हीएमवेअरने २०१५ मध्ये या शाखेतील ४.१ आवृत्ती स्वीकारली. मात्र दोन आवृत्त्यांची कुलपे एकमेकींना ओळखत नाहीत. एकच साठवण एका यजमानावर तिसऱ्या आणि दुसऱ्यावर ४.१ आवृत्तीने जोडली, तर दोघांनाही ती मोकळीच वाटू शकते. म्हणून असे मिश्रण निषिद्ध मानले जाते.

साठवण अचानक नाहीशी झाली तर यजमानाने काय समजावे, हा प्रश्नही उरला होता. २०११ मधील व्हीस्फिअर ५.० आणि २०१२ मधील ५.१ या आवृत्त्यांनी त्याची नीट उकल केली. साठवणीच्या अनुपस्थितीचे दोन प्रकार मानले गेले. एका प्रकारात साठवण कायमची गेल्याचे स्वतः साठवण-यंत्रच एका विशिष्ट संकेताने सांगते. दुसऱ्या प्रकारात सर्व वाटा बंद होतात आणि उत्तर काहीच येत नाही. पहिल्यात वाट पाहण्याचे कारण उरत नाही. दुसऱ्यात ५.१ पासून यजमान सामान्यतः १४० सेकंद वाट पाहतो आणि मग नव्या विनंत्या अडवून ठेवणे सोडतो. एनएफएसला तो पहिला संकेत देण्याची सोयच नाही. तिचा सर्व्हर कायमचा गेला काय किंवा नेटवर्कची तार क्षणभर निखळली काय, यजमानाला शांतताच ऐकू येते.

या शांततेची झळ आभासी संगणकाला लागते, आणि त्याला तिचे कारण कळत नाही. त्याच्या दृष्टीने त्याची डिस्क अंगातच आहे, नेटवर्कवर नाही. लिनक्समध्ये अशा डिस्कच्या उत्तराची प्रतीक्षा सामान्यतः ३० सेकंदांची असते. व्हीएमवेअरची पूरक साधने ती १८० सेकंदांपर्यंत वाढवतात. त्यापुढे फाइलव्यवस्था बहुधा स्वतःला केवळ वाचण्यापुरती मर्यादित करून घेते. डेटाबेस थांबतो, नोंदी अडतात, आणि यजमानावर सारे सुरळीत दिसत असतानाही सेवा ठप्प झालेली असते.

त्यामुळे साठवण सोडवण्याचा क्रम हे या क्षेत्रातील एक शास्त्रच बनले. प्रथम त्या साठवणीवरील सर्व आभासी संगणक दुसरीकडे हलवायचे. मग सहज न दिसणारे धागे शोधायचे : कोणा आभासी संगणकाच्या सीडी-ड्राइव्हमध्ये तेथील एखादी आयएसओ फाइल अडकलेली असते, कोणता साचा तेथे ठेवलेला असतो, यजमानाच्या स्वतःच्या नोंदी तेथे लिहिल्या जात असतात, तर कधी यजमान परस्परांचे अस्तित्व तपासण्यासाठी त्याच साठवणीवर खुणा ठेवत असतात. हे सारे सुटल्यावर प्रत्येक यजमानावरून ती साठवण सोडवायची आणि सर्वांत शेवटी सर्व्हरला हात लावायचा. सर्व्हर आधी बंद केला, तर वर वर्णन केलेली शांतता पदरी येते.

साधनांच्या भाषेनेही येथे घोळ घातला आहे. केव्हीएमबरोबर वापरल्या जाणाऱ्या लिब्व्हर्टमध्ये साठवण थांबवण्याच्या आज्ञेचे नाव 'डिस्ट्रॉय' असे भयंकर आहे, पण तिने आतील माहितीला धक्का लागत नाही. खरी पुसणारी आज्ञा 'डिलीट' ही आहे. प्रॉक्समॉक्समध्ये साठवणीची नोंद काढून टाकली, तरी प्रत्यक्ष जोडणी सुटत नाही. ती हाताने सोडवावी लागते. उलट नोंद चालू ठेवून केवळ जोडणी सोडवली, तर स्थितीवर लक्ष ठेवणारी सेवा ती थोड्याच वेळात पुन्हा जोडते. म्हणून आधी नोंद निष्क्रिय करायची आणि नंतर जोडणी सोडवायची. आणखी एक सापळा रिकाम्या फोल्डरचा आहे. साठवण सुटली तरी ती जेथे जोडली होती ते फोल्डर उरते. रात्रीचा बॅकअप बिनदिक्कत त्यातच लिहिला जातो आणि यजमानाची स्वतःची छोटी डिस्क भरून जाते.

आपल्या देशात हा विषय आता तांत्रिक कोपऱ्यातला राहिलेला नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची राष्ट्रीय मेघसेवा 'मेघराज' उपक्रमांतर्गत २०१४ मध्ये सुरू झाली. नागरिकांच्या नोंदी, निकाल, रुग्णालयांची माहिती अशा गोष्टी सामाईक सर्व्हरांवर येत गेल्या, तशी त्या सर्व्हरांच्या साठवणीची निगा हा सार्वजनिक हिताचा प्रश्न झाला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी नवी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. ५ सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. सुमारे दोन आठवडे रुग्णालयाचा मोठा कारभार कागदावर चालला. ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळाली, ती हल्ल्यापासून अबाधित राहिलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून.

त्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये 'ईएसएक्सआयआर्ग्स' नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातील हजारो यजमान संगणकांना ग्रासले. ज्या त्रुटीचा तो लाभ घेत असल्याचे सांगितले गेले, तिची दुरुस्ती दोन वर्षांपूर्वीच उपलब्ध झाली होती. आभासी संगणकांच्या फाइली कुलूपबंद करण्याआधी हा प्रोग्रॅम ते संगणक सक्तीने बंद पाडू पाहत असे, कारण चालू संगणकाच्या फाइलीवर यजमानाचे कुलूप असते. काही ठिकाणी हा प्रयत्न फसला आणि त्या फाइली वाचल्या. पन्नास वर्षांपूर्वीचा 'व्यस्त आहे' हा नकार येथे हल्लेखोराच्याही आड आला.

या दोन घटनांतून सोडवण्याच्या क्रियेचे दुसरे मोल लक्षात येते. जी साठवण जोडलेली आहे, ती यजमानाच्या हातात आहे. आणि जे यजमानाच्या हातात आहे, ते यजमानावर ताबा मिळवणाऱ्याच्याही हातात आहे. बॅकअपची साठवण चोवीस तास जोडून ठेवणे सोयीचे असते. पण मूळ माहितीबरोबर तीही एकाच फटक्यात जाऊ शकते. म्हणून बॅकअपच्या वेळेपुरती जोडणी करावी, काम होताच ती सोडवावी, आणि एक प्रत अशी ठेवावी की जिथवर कोणत्याही यजमानाचा हात पोहोचणार नाही, ही शिस्त महत्त्वाची ठरते. आरके०५ ची चकती काम संपल्यावर कपाटात जात असे. ते कपाट नव्या रूपात पुन्हा हवे झाले आहे.

विद्यार्थ्यांना या इतिहासाचा मूळ धडा घरच्या लिनक्स संगणकावर पाच मिनिटांत पाहता येईल. पेन ड्राइव्ह जोडावा, एका टर्मिनलमध्ये त्यातील फोल्डरात जावे आणि दुसऱ्या टर्मिनलमधून तो सोडवण्याची आज्ञा द्यावी. संगणक नकार देईल. तेव्हा सक्तीचा किंवा सवडीचा पर्याय लगेच वापरू नये. 'फ्यूजर' किंवा 'एलएसओएफ' ही आज्ञा चालवावी, म्हणजे पेन ड्राइव्ह धरून बसलेल्या प्रोग्रॅमचे नाव आणि क्रमांक समोर येईल. त्या पहिल्या टर्मिनलमधून बाहेर पडताच तीच आज्ञा निमूटपणे पूर्ण होईल. डेटा सेंटरमधील साठवण सोडवताना यंत्रे अनेक असतात आणि धागे लांबवर गेलेले असतात, पण पहिले काम तेच : कोण धरून बसले आहे, हे आधी शोधणे.